कुमारीची काकणे आणि आपल्या हातातला फोन

मार्गशीर्ष लागला की घरोघरी श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. चौरंग, पोथीचं वस्त्र, समईच्या वाती, कोणत्या दिवशी किती अध्याय याचा हिशेब. गेल्या काही वर्षांत या तयारीत एका प्रश्नाची भर पडली आहे आणि वाचक मंडळी तो दरवर्षी विचारतात: पारायणाला बसताना मोबाइलचं काय करायचं? कोणी म्हणतं, बंद करून कपाटात ठेवा. कोणी म्हणतं, अहो, पण मी पोथीच मोबाइलवर वाचते, छापील अक्षर आता डोळ्यांना लागत नाही. दोघांचंही खरं आहे. आणि प्रश्न नुसता सात दिवसांचा नाहीच. सप्ताह संपल्यावर वर्षाचे उरलेले ३५८ दिवस हे यंत्र आपल्या हातात असतं. ते कसं असावं, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

या अभ्यासासाठी आपल्याला फार लांब जायला नको. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे. श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. भागवतात त्या अवधूताचं नाव घेतलेलं नाही, पण परंपरा त्यांना श्रीदत्तात्रेयच मानते. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि ती काशीत पूर्ण केली. अवधूतांनी तिथे आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यातले काही गुरू ‘असं करावं’ म्हणून आहेत आणि काही ‘असं होऊ देऊ नये’ म्हणून. हा फरक आपण वाचताना बहुधा विसरतो.

दुसऱ्या प्रकारचे गुरू आपल्याला चटकन आठवतात. पतंग रूपाला भुलून ज्योतीवर झेप घेतो. हरीण गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडतं. मासा जिभेपायी गळाला लागतो, हत्ती स्पर्शापायी खड्ड्यात पडतो. एकेका इंद्रियाने एकेकाचा घात केला. आता हातातला फोन बघा. डोळ्यांना उजेड, कानाला टिंग, तळहाताला थरथर. जीभ तेवढी राहिली होती, तर घरपोच खाण्याच्या जाहिराती तिचीही सोय बघतात.

पण एवढ्यावर थांबून ‘फोन वाईट’ असं म्हणून मोकळं होणं हा अभ्यास नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा कोयनेतून किती पाणी सोडलं, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे लोक फोनवरच बघत होते आणि त्यावर जनावरं केव्हा सोडायची, घर केव्हा सोडायचं ते ठरवत होते. नृसिंहवाडीला पाणी चढून दक्षिणद्वार सोहळा होतो, तो आता अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही घरी दिसतो. २०२० साली देवळं बंद होती तेव्हा कित्येकांचं दर्शन या काचेतूनच झालं. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना तर काही सांगायलाच नको. तेव्हा सोडायचं की ठेवायचं, असा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की आपण त्याच्याकडे गेलो, की त्याने आपल्याला बोलावून नेलं? पाण्याची पातळी बघायला आपण गेलो. ती बघून झाल्यावर पुढचा पाऊण तास कोणाच्या तरी लग्नातला नाच, कोणाचं तरी भांडण आणि गुडघेदुखीचं तेल बघत बसलो, तिथे आपल्याला नेलं गेलं.

हे नेणं आपोआप होत नाही. त्याची रचना माणसांनी केली आहे आणि ती थोडी समजून घेतलेली बरी. पोथीला अध्याय असतो. अध्याय संपतो, तिथे समाप्तीची ओळ येते, आपण पान मिटतो, डोळे मिटतो, उठायचं की पुढे वाचायचं ते ठरवतो. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. आझा रास्किन नावाच्या अमेरिकन रचनाकाराने २००६ साली अशी युक्ती काढली की वाचणारा पानाच्या तळाशी येण्याआधीच पुढचा मजकूर खालून येत राहावा, ‘पुढचं पान’ म्हणून बटण दाबायलाच लागू नये. सोय म्हणून केलेली गोष्ट. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. कारण बटण गेलं, तसा थांबून विचार करण्याचा क्षणही गेला. ज्या वाचनाला अध्यायसमाप्ती नाही, त्यातून उठायचं कधी?

दुसरी गोष्ट त्या टिंग आवाजाची. पूर्वी आपण उघडल्याशिवाय संगणक बोलत नसे. २००९ साली ॲपल कंपनीने आयफोनवर अशी सोय दिली की ॲप बंद असलं तरी त्याला आपल्याला हाक मारता यावी. मग सगळ्याच फोनवर ही रीत झाली. आज नवीन फोन घेतला की त्यातलं प्रत्येक ॲप पहिल्या दिवशीच विचारतं, तुम्हाला सूचना पाठवू का? आपण घाईत ‘हो’ म्हणतो. एकदा ‘हो’ म्हटलं की ते दुकानदारासारखं दारात येऊन उभं राहतं, दिवसातून दहा वेळा.

आणि तिसरी गोष्ट समजायला पिंगलेकडे जावं लागेल. पिंगला ही विदेहनगरीतली गणिका, अवधूतांची गुरू. नटूनथटून दाराशी उभी राहिली. रस्त्याने कोणी येताना दिसलं की वाटायचं, हा येईल. तो पुढे निघून जायचा. मग वाटायचं, हा नाही तर पुढचा येईल. आत जायची, पुन्हा बाहेर यायची. असं करता करता मध्यरात्र झाली, झोप नाही. आता आपण एखादा फोटो गटावर टाकतो त्या संध्याकाळी काय होतं ते आठवा. कोणी बघितला का? दोन निळ्या खुणा आल्या का? काही उत्तर नाही. फोन ठेवतो. पाच मिनिटांनी पुन्हा उचलतो. आत, बाहेर, आत, बाहेर. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो अशी व्यवस्था असेल आणि दाणे बंद झाले, तर कबुतर थोड्या वेळाने नाद सोडतं. पण कधी दाणा मिळतो, कधी नाही, याचा काही नेमच नसेल तर ते कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतं. (कबुतरही चोवीस गुरूंत आहे, पण त्याचा धडा वेगळा आहे, तो कुटुंबाच्या मोहाचा.) बोटाने पडदा खाली ओढून सोडायचा आणि नवीन काही आलं का ते बघायचं, ही क्रिया नेमकी तशीच आहे. कधी नातवाचा फोटो निघतो, कधी काहीच नाही. दर वेळी नातवाचा फोटो निघाला असता तर आपण इतक्यांदा ओढलं नसतं.

पिंगलेची कथा आपण ‘वैराग्य आलं’ एवढ्यावर संपवतो. भागवतात त्यापुढची एक साधी गोष्ट आहे: आशा सुटली आणि तिला सुखाने झोप लागली. तिला आधी छळलं ते कोणी न येण्याने नाही, येईल येईल या वाटण्याने. रात्री उशाशी फोन घेऊन झोपणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

आता पहिल्या प्रकारच्या गुरूंकडे येऊ. त्यात मला या विषयासाठी सगळ्यांत जवळची वाटते ती कुमारी.

घरी उपवर मुलगी एकटी. वडीलधारी माणसं बाहेर गेलेली. तेवढ्यात तिला बघायला पाहुणे आले. तिनेच त्यांचं स्वागत केलं आणि त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली. कांडताना हातातली काकणं वाजू लागली. तिला संकोच वाटला. घरात कांडलेले तांदूळही नाहीत, मुलीलाच कांडावे लागतात, हे पाहुण्यांना कळेल. मग तिने एकेक काकण उतरवलं आणि प्रत्येक हातात दोन-दोनच ठेवली. तरी ती एकमेकांवर आपटून वाजतच होती. तेव्हा तिने आणखी एकेक काढलं. हातात एकच काकण उरलं, आणि आवाज थांबला. फिरता फिरता हे अवधूतांनी पाहिलं. अवधूतांनी यातून एकांताचा धडा घेतला, पुष्कळ जण एकत्र आले की कलह होतो आणि दोघं असले तरी बोलणं होतं, म्हणून एकट्याने फिरावं असा. आपण प्रपंचातली माणसं. आपल्याला त्यातलं आपल्यापुरतं घेता येईल.

तिने काय केलं आणि काय नाही केलं, हे नीट बघा. तिने कांडणं सोडलं नाही, कारण पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं. तिने हात रिकामा केला नाही. ‘सगळी काकणं फोडून टाकते’ म्हणून आततायीपणाही केला नाही. एक काढलं, ऐकलं. अजून वाजतंय? आणखी एक काढलं. वाजणं थांबेपर्यंत काढलं, आणि थांबलं तिथे ती थांबली.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. काकांना जाऊन चार वर्षं झाली, मुलगा मस्कतला. तो रोज रात्री नवाच्या पुढे फोन करतो, कामावरून सुटेल तसा. त्या एका फोनसाठी काकूंचा मोबाइल पहाटेपासून हातात. देवपूजेला शेजारी, जेवताना ताटाशेजारी, दुपारी उशाशी. आवाज पूर्ण मोठा, कारण फोन चुकला तर? आणि त्या मोठ्या आवाजात दिवसभर काय काय वाजायचं? सोसायटीचा गट, माहेरचा गट, भजनी मंडळाचे दोन गट, साडीची दुकानं, बँक, कर्ज हवंय का विचारणारे, आणि ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा’ म्हणणारे. (ही अकरांची रीत नवी नाही. पूर्वी पोस्टकार्डं यायची, अकरा जणांना लिहा नाहीतर अनिष्ट होईल म्हणून. तेव्हा निदान कार्डाला पैसे पडायचे, म्हणून लोक विचार तरी करायचे.) जपाला बसलं की एका माळेत चार वेळा हात थांबायचा. काकू म्हणायच्या, “माझं मनच आता देवात लागत नाही हो, वय झालं.” त्यांना ते स्वतःचं अधःपतन वाटत होतं. सगळ्यांत वाईट हेच होतं.

आवाज बंद करा असं त्यांना कोणी सांगितलं की त्या घाबरायच्या, आणि ते बरोबरच होतं. एकट्या बाईने मुलाचा फोन का बंद ठेवावा? शेवटी शेजारच्या कॉलेजमधल्या मुलीने त्यांच्यासमोर बसून एकेक काकण उतरवलं. प्रत्येक गट उघडून ‘म्यूट’, आणि मुदत विचारल्यावर ‘नेहमीसाठी’. काकूंना भीती होती की गटातल्यांना कळेल आणि राग येईल. ते कोणाला कळत नाही, आणि संदेश हरवत नाहीत, आपण उघडू तेव्हा तिथेच असतात. मग सेटिंगमध्ये जाऊन दुकानं, बातम्या, खेळ, यांच्या सूचना बंद. बँकेची ठेवली. शेवटी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं आणि त्यात मुलगा, सून, धाकटी बहीण आणि डॉक्टर, एवढ्या चार जणांच्या फोनला मुभा दिली. त्यांचा फोन वाजणार, बाकी सगळं मुकाट. तीच व्यक्ती लागोपाठ दोनदा फोन करत असेल तर तोही वाजेल, अशी सोय त्यात आहे, तीही चालू ठेवली. पाऊण तास लागला. काकणं वाजायची थांबली आणि हातात एक राहिलं.

त्यानंतर काकूंचं मन लगेच समाधीत गेलं असं काही नाही. पहिले तीन-चार दिवस त्या फोन वाजत नाही म्हणून उचलून बघत होत्या, बिघडला की काय म्हणून. पण माळ आता एका बैठकीत पूर्ण होते.

इथे शरकाराची आठवण होते. बाण घडवण्यात तो इतका गढला होता की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली, ती त्याला कळली नाही. आपण त्या कथेकडे चमत्कार म्हणून बघतो. पण आजच्या अभ्यासकांनी मोजून जे पाहिलं आहे ते त्याची दुसरी बाजू दाखवतं. ग्लोरिया मार्क या अमेरिकेतल्या संशोधिका अनेक वर्षं लोकांचं पडद्यावरचं लक्ष मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. पुढच्या काळात ते ४७ सेकंदांवर आलं. आणि २००९ साली सोफी लरॉय यांनी दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा गाळ मनात राहतो, दुसऱ्यात पूर्ण लक्ष लागत नाही. म्हणजे वाचता वाचता ‘फक्त बघितलं’ आणि लगेच पोथीकडे वळलो, तरी पुढच्या वीस ओव्या आपण वाचत नाही, नुसते उच्चारत असतो. शरकार काही जन्मतः वेगळा माणूस नव्हता. त्याच्या हातात एक काम होतं आणि पूर्ण होईपर्यंत तेच होतं.

मधमाशीचंही थोडं सांगायला हवं. ती लहानमोठ्या फुलांतून थोडं थोडं घेते, फुलाला न दुखावता, हे घेण्यासारखं. पण ती साठवते आणि त्या साठ्यासकट नाश पावते, हे टाळण्यासारखं. एकाच माशीत दोन्ही धडे आहेत. आपल्या फोनमध्ये किती स्तोत्रांच्या पीडीएफ आहेत, किती प्रवचनं ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवलेली आहेत, ते एकदा मोजा. दोनशे प्रवचनं साठवणाऱ्यापेक्षा एकच प्रवचन पूर्ण ऐकून फोन ठेवणारा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘जे समोर येईल ते बघतो, अजगरासारखा’ असं हसत म्हणणारेही भेटतात. त्यांनी अजगराचा उरलेला धडा वाचावा: काही समोर आलं नाही तर तो दिवसेंदिवस उपाशी, शांत पडून राहतो. रेंज गेल्यावर आपण तसे राहतो का?

आणखी एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. श्रीदत्तप्रभूंची दिनचर्या आपण लहानपणापासून ऐकतो: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. पाठभेद आहेत, कुठे जप कोल्हापूरला आणि भिक्षा माहूरला म्हटलं आहे. पण प्रत्येक पाठात एक गोष्ट सारखीच आहे: एकेका कामाला एकेक ठिकाण. आपल्याकडे आता बँक, बाजार, बातमी, नातेवाईक, देवदर्शन आणि करमणूक हे सगळं एकाच काचेत येऊन बसलं आहे. तिथे एका कामासाठी गेलं की उरलेली पाच तिथेच हजर. म्हणून घरात ठिकाणं पुन्हा वेगळी करावी लागतात. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत, झोपण्याच्या खोलीत नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणावं, म्हणजे ‘गजर लावायचाय’ ही सबब संपते. दर्शन बघायचं तर मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून, आरती संपली की बंद.

एकट्याने हे जमत नाही असं पुष्कळांचं म्हणणं असतं. त्यात तथ्य आहे. सांगली जिल्ह्यात, म्हणजे आपलं औदुंबर ज्या जिल्ह्यात आहे तिथेच, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती फोन आला आणि शाळा सुरू झाल्यावरही तो सुटेना. २०२२ साली गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला भोंगा वाजला की चालू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला घरोघर जाऊन समजवावं लागलं. सगळ्यांचाच फोन एका वेळी बंद असतो, त्यामुळे आपलं काही चुकतंय अशी धाकधूक कोणाला राहत नाही. तिन्हीसांजेला घराघरात शुभंकरोतीची वेळ असे, तशीच ही वेळ. आपल्या घरात भोंगा नसला तरी शंख आहे, घंटा आहे.

आता सप्ताहाच्या प्रश्नाकडे. पोथी फोनवर वाचायला काही हरकत नाही, अक्षर मोठं करता येतं ही ज्येष्ठांसाठी मोठीच सोय आहे. मात्र पोथी आधी उतरवून घ्यावी आणि संकल्पापूर्वी फोन फ्लाइट मोडवर टाकावा, म्हणजे त्या वेळेपुरता तो नुसती पोथीच राहतो. शक्य असेल तर त्यासाठी घरातला जुना, सिमकार्ड नसलेला फोन वापरावा, त्यावर दुसरं काही नसलेलं उत्तम. छापील पोथी असेल तर फोन दुसऱ्या खोलीत, घरातल्या एका माणसाच्या ताब्यात. घरी आजारी माणूस असेल किंवा मुलं लांब असतील, तर वर सांगितल्याप्रमाणे एक काकण हातात ठेवावं. त्यात काही दोष नाही. आणि सप्ताहाच्या आदल्या दिवशी आपल्या गटांवर एवढं लिहून टाकावं: “उद्यापासून सात दिवस सकाळी सहा ते साडेनऊ पारायणात आहे. संदेश नंतर बघेन. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा.”